मोबाइलवरचा धमकीचा मेसेज पुराव्यात कसा आणावा

मेसेज असलेला फोन फिर्यादीने पुसू नये, फॉरमॅट करू नये, विकून नवा घेऊ नये. जप्तीच्या पंचनाम्यात मॉडेल, दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) आणि सिमचा नंबर लिहून घ्यावा, फोन एअरप्लेन मोडवर टाकून पंचांसमोर सील करावा. मुंबईतल्या कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता याची नोंद तुटली, की उलटतपासाची सुरुवात तिथूनच होते.

मालकाने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन मूळ फोन दाखवला तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब बद्दल म्हटले. प्रिंटआउट किंवा पेन ड्राइव्ह देणार असाल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३(४) पाहा. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: ‘अ’ पुरावा देणाऱ्याचा, ‘ब’ तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा, फाइल जराही बदलली की बदलणारा सांकेतिक आकडा, लिहायची. घोळ बहुतेक इथेच होतो. स्क्रीनशॉट वकिलाला व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि हॅश बदलते. मूळ फाइलच केबलने उतरवा. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेल्या हॅशची चौसष्ट अक्षरे हाताने टाइप करू नका, कॉपी करा. स्क्रीनशॉटमध्ये ‘पप्या’ असे सेव्ह केलेले नाव नको, पूर्ण नंबर आणि तारीख दिसू द्या.

प्रमाणपत्राने कागद आत येतो, पण मेसेज आरोपीनेच लिहिला हे त्याने ठरत नाही. सिम भावाच्या नावावर असले तर? त्यासाठी मोबाइल कंपनीचा ग्राहक अर्ज, सीडीआर (कॉल-मेसेजच्या नोंदी), टॉवर लोकेशन आणि कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याची (या नोंदी देणाऱ्या अधिकाऱ्याची) साक्ष लागते. सीडीआरमध्ये मेसेजचा मजकूर नसतो, हे अशिलाला आधीच सांगा.

आरोपीने पूर्वी इतरांनाही धमकावले होते, ते मेसेज जोडायचा मोह आवरा. ‘तो तसलाच आहे’ एवढ्यासाठी ते चालत नाहीत, त्याच अधिनियमाचे कलम ४९ आड येते. कलम १२चे कायद्यातलेच उदाहरण पाहा: आरोपीने आधी त्याच माणसावर गोळी झाडली होती हे हेतू दाखवायला चालते, तो लोकांवर गोळ्या झाडतच असतो हे चालत नाही. म्हणून त्याच फिर्यादीला आलेले जुने मेसेज घ्या. ‘चुकून घडले’ असा बचाव असेल तर सारख्या घटनांची मालिका कलम १३खाली आणता येते.

बचाव पक्षाने प्रमाणपत्रावरची हरकत कागदावर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडतानाच नोंदवावी. अपिलात ती पहिल्यांदा घेता येत नाही, असे २०१७ च्या सोनू प्रकरणात ठरले आहे. आणि आरोपी चांगल्या चालीचा असल्याचे साक्षीदार आणण्याआधी दहादा विचार करावा. त्यांच्यामागून सरकार पक्षाला वाईट चालीचा पुरावा आणता येतो.