पासिंग झालेली सेकंडहँड गाडी खरंच भरवशाची आहे का, हे कसं ओळखायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार कुठंही सेकंडहँड गाडी बघायला जा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ आत्ताच पासिंग झालंय, गाडी एकदम टकाटक शे." आणि बरीच मंडळी तिथंच अर्धा सौदा करून मोकळी होतात. मी अगदी कळकळीने सांगतो, पासिंगचा कागद, म्हणजे सरकारी फिटनेस तपासणीचं सर्टिफिकेट, फेकून द्यायचा नाही पण त्याच्यावर गाडी पण घ्यायची नाही, तो कागद नेमकं काय बोलतो तेवढं समजून घ्या आणि बाकीचं स्वतः तपासा.

आधी हे बघा की फिटनेसला तपासतात काय. ब्रेक, हेडलाईटचा झोत, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, हॉर्न, वायपर, काचा, आरसे, सायलेन्सर, धूर, स्पीडोमीटर, स्टेअरिंगचा प्ले (ढिलेपणा), चेसिस नंबर आरसीशी जुळतो का, असं सगळं. म्हणजे ही गाडी आज रस्त्यावर आली तर तुमच्या किंवा समोरच्याच्या जिवाला धोका आहे का, एवढाच प्रश्न. आणि तो प्रश्न फार महत्त्वाचा आहे, ब्रेक न लागणारी पिकअप केळी भरून सावद्याहून निघाली तर काय होईल याचा विचार करा. पण क्लच प्लेट किती उरली, गिअरबॉक्स आतून कसा आहे, टर्बो, इंजेक्टर, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालची सील), एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, यातलं काहीच तिथं कोणी उघडून बघत नाही, आणि गाडी वाटेत बंद पडते ती बहुतेक वेळा याच्यामुळेच. जर्मनीत एडीएसी नावाची मोटार संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची दरवर्षी आकडेवारी काढते, त्यात सगळ्यात वर कायम साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. आता बॅटरी दमलीये म्हणून कोणाची गाडी पासिंगला नापास झालेली ऐकलीये का?

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. दरवर्षीचं पासिंग आपल्याकडं सगळ्या गाड्यांना नाहीये. पिकअप, टॅक्सी, काळीपिवळी, ट्रक यांना पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतं. घरच्या पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीला नोंदणीनंतर थेट १५ वर्षांनी, मग दर ५ वर्षांनी. म्हणजे तुम्ही १० वर्षं जुनी घरची कार घेताय तर नवीन असताना नोंदणी झाली त्यानंतर तिला सरकारी तपासणीत कोणी हातच लावलेला नाही, झाली असेल तर फक्त पीयूसी, आणि पीयूसी म्हणजे निव्वळ धुराचा हिशोब. अशा गाडीला कोणी "पासिंग ओके आहे" म्हणालं तर त्याचा अर्थ एवढाच की मुदत अजून संपलेली नाही.

कागदापासून सुरुवात करा. एम परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स, पीयूसी, कर्जाचा बोजा आहे का हे दिसतं. कमर्शियल गाडी असेल तर मालकाकडं जुनी फिटनेस सर्टिफिकेटं पण मागा, नुसतं चालू वर्षाचं नको. तारखा एकापुढं एक लावा. मध्येच सात-आठ महिन्यांची फट दिसली तर विचारा की या काळात गाडी कुठं होती, ॲक्सिडेंट होऊन गॅरेजला पडून होती, इंजिन काढलं होतं, की बिना फिटनेस पळत होती? ई-चलनाच्या तारखा आणि फास्टॅगचं स्टेटमेंट बघितलं की उत्तर खरं की खोटं लगेच कळतं. सर्व्हिसच्या बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात, ते पण याच ओळीत लावून बघा, आकडा मागं गेलेला दिसला तर तिथूनच उठा.

इंग्लंडमध्ये ३ वर्षांनंतर दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते आणि नंबर टाकला की कोणालाही फुकटात बघता येतं की कोणत्या वर्षी किती किलोमीटर (त्यांच्याकडं मैल) होते, कशात नापास झाली, पुढं काय बदलावं लागेल असं सांगितलं होतं. आपल्याकडं अशी नोंद उघडी असती तर किती लोकांचे पैसे वाचले असते. पण परदेशातल्या तपासणीच्या आकड्यांतही एक गोम आहे. जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्था दरवर्षी मॉडेलनुसार यादी काढतात, कोणत्या गाडीत जास्त दोष निघाले त्याची, आणि लोक ती यादी "भरवशाची गाडी" म्हणून वाचतात. २०२४ च्या यादीत २ ते ३ वर्षं वयाच्या गाड्यांत टेस्ला मॉडेल ३ शेवटच्या नंबरवर होती, दोष कसले तर ब्रेक डिस्क, सस्पेन्शन, लाईट असले. इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते त्यामुळं डिस्क कमी वापरली जाते आणि गंजते, मोटर किंवा मोठी बॅटरी खराब आहे असं त्यातून अजिबात सिद्ध होत नाही. तसंच जी गाडी टॅक्सीत पळते तिचे टायर न् बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) आधी जाणार, आणि जो मालक तपासणीच्या आधी गॅरेजला नेऊन आणतो त्याची गाडी पास होणार. मालकाची सवय आणि वापर या आकड्यात मिसळलेला असतो, कंपनीनं गाडी कशी बनवली ते वेगळं काढता येत नाही.

आता प्रत्यक्ष गाडी. पासिंगपुरते टायर लावून नंतर उतरवून घेणारे लोक आहेत म्हणून टायरपाशी बसाच. साईडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. चारही टायरचे आकडे बघा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, तिथंच कडेला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. आणि टायर आतल्या बाजूनेच खाल्लेला असेल तर अलाइनमेंट नाहीतर बॉल जॉइंट, बुशचं काम आहे हे समजा.

गाडी थंड असतानाच जा, मालकाला सांगून ठेवा की आधी चालू करू नका. बोनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर तो आधीच स्टार्ट करून बसलाय, का ते विचारा. थंड इंजिनवरच रेडिएटरचं झाकण काढा (गरम असताना चुकूनही नाही, तोंड भाजेल), कूलंट आहे की नुसतं गढूळ बोअरचं पाणी ते दिसेल. मग स्टार्ट करून बघत राहा, सारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ चिकट थर असेल तर तोच संशय पक्का होत जातो. डिझेल गाडीत ते झाकण चालू इंजिनवर सैल करा, भकाभक वाफारा आला तर पिस्टन रिंगा दमल्यात.

आणि चक्कर मारायची ती आपल्या उन्हात. तपासणी सकाळी, दोन मिनिटांत, रिकाम्या गाडीवर होते, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारी दोन वाजता एसी फुल लावून, चार माणसं बसवून ट्रॅफिकमध्ये पंधरा-वीस मिनिटं काढा आणि टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा. काटा वर सरकतोय आणि एसी गरम हवा मारतोय तर फॅन, रेडिएटर, पंप यातलं काहीतरी गेलंय. चाळीसगावकडचे असाल तर कन्नड घाटात न्या. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा, इंजिन ओरडतंय पण स्पीड वाढत नाही म्हणजे क्लच स्लिप होतोय. उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढून गिअरवर गाडी येऊ द्या, खाली आल्यावर एकदम दाबा आणि मागच्या माणसाला आरशात नाही, मान वळवून बघायला सांगा, निळा धूर निघाला तर इंजिन ऑइल खातंय. परत आल्यावर बंद करून दहा मिनिटांनी गरमच स्टार्ट करा, खूप सेन्सर आणि पंपांची नाटकं तेव्हाच बाहेर येतात.

मिस्त्री तुमचा न्या, मालकानं सांगितलेला नको. लिफ्टवर गाडी घेऊन खालून बघायला आणि स्कॅनर लावायला जे पैसे घेईल ते आनंदाने द्या. स्कॅनरमध्ये एकही कोड (बिघाडाची नोंद) नाही पण मेमरी नुकतीच क्लिअर केलेली दिसली तर तीस-चाळीस किलोमीटर चालवून परत स्कॅन करून घ्या. जे निघेल त्याची यादी करून खर्च लिहा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी मागा, मालक "पण पासिंग झालंय ना" म्हणाला तरी यादी हातातच ठेवा.