चिमण्यांच्या पेटीत माइट्स झालेत? उकळतं पाणी ओता

पिल्लं उडून गेल्यावर लाकडी पेटीच्या फटींत लालसर बारीक ठिपके चालताना दिसले तर ते माइट्स, रात्री पिल्लांचं रक्त पितात आणि दिवसा फटीत लपतात, त्यामुळे नुसतं झटकून काही होत नाही.

१. पेटी खरंच रिकामी आहे ना ते दोन-तीन दिवस बघा, अंडी असतील तर हात लावू नका.
२. हातमोजे, मास्क लावून जुनं गवत पिशवीत घट्ट बांधून टाका.
३. कोपरे जुन्या टूथब्रशने घासा आणि फटीफटीत उकळतं पाणी ओता, साबण नको.
४. गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवा, पुण्यात पावसाळ्यात ऊन मिळत नाही म्हणून आधीच उरका.

चिमण्या लगेच परत अंडी घालतात, तेव्हा उशीर नको. झुरळांचा स्प्रे, डांबरगोळ्या मात्र आत अजिबात नकोत, पिल्लांना विषबाधा होते.