कळसूबाई: बारीतून चढाई, मग भंडारदऱ्याचा फेरा

कळसूबाई (१६४६ मीटर) अवघड नाही, दमवणारं शिखर आहे. बारी गावातून साडेआठशे मीटरच्या आसपास चढ आहे. सवय नसेल तर चढायला चार तास आणि उतरायला तीन तास धरा. कसारा किंवा इगतपुरीला रेल्वेनं उतरून घोटीमार्गे बारीला पोहोचता येतं. मुक्काम आदल्या रात्रीच बारीत करावा आणि पहाटे चार-साडेचारला निघावं. वाटेवर सावली कमी. दहा वाजले की कातळ तापतो आणि पायाआधी डोकं थकतं.

खरी खोळंब्याची जागा म्हणजे लोखंडी शिड्या. सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे तिथेच समोरासमोर येतात. खालचा माणूस पूर्ण वर पोहोचेपर्यंत वरच्यानं पाय टाकू नये. सॅक पाठीवर घट्ट बांधा, काठी घडी करून आत टाका, दोन्ही हात मोकळे हवेत. उतरताना तोंड शिडीकडे ठेवा. पावसाळ्यात पायऱ्यांवर चिखल साचतो आणि बूट घसरतो तो शिडीवर पहिला पाय ठेवताना, म्हणून तळवे आधी दगडावर पुसून घ्या. विजा चमकू लागल्या तर शिडीला हात न लावता खाली थांबलेलं बरं.

पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. शेवटच्या टप्प्याखाली विहीर आहे, पण एप्रिल-मे महिन्यांत तिच्या भरवशावर राहू नका. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे. नवरात्रात इथे जत्रा भरते, तेव्हा शिखर निवांत पाहण्याचा विचार सोडून द्या. पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी बघायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी; ऐन पावसाळ्यात ढगांपलीकडे काही दिसत नाही. वारा जोराचा असतो, घामानं भिजलेला शर्ट वर पोहोचताच बदला.

भंडारदरा जलाशयाचा गाडीनं करायचा फेरा त्याच दिवशी उरकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडी गावाहून निघून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर करत परत शेंडी गाठा. हा जलाशय ज्यामुळे झाला ते प्रवरा नदीवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, ते शेंडीजवळच आहे. रतनवाडीत अमृतेश्वराच्या कोरीव मंदिराला निदान तासभर द्या. इंधन घोटीलाच भरून घ्या. पावसाळ्यात धुकं आणि रस्त्यावर बसलेली गुरं, दोन्ही अचानक समोर येतात. काजवे पाहायचे असतील तर मेअखेर ते पहिला पाऊस, आणि तेही गाडीचे दिवे, टॉर्च, फ्लॅश सगळं बंद ठेवून. हा सगळा भाग अभयारण्याचा आहे. नाक्यावर पावती घ्या, कचरा सॅकमधूनच परत आणा.