हंगाम चाळीस मिनिटांत संपू नये म्हणून

नाशिकच्या एका मराठी शाळेत मी क्रीडाशिक्षक म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी सांगितलं, "सर, यंदा फुटबॉलचा संघ पाठवायचा आहे." मी लहानपणापासून खो-खो खेळलेला. फुटबॉल बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमापुरता आलेला. तरी होकार दिला, सोळा मुलं गोळा केली आणि तीन आठवडे जीव तोडून सराव घेतला. जुलैच्या पावसात पहिला सामना झाला, वीस-वीस मिनिटांचा. आम्ही एक गोल खाल्ला आणि हरलो. स्पर्धा बाद पद्धतीची. दुपारी मुलं चिखलाने माखलेल्या कपड्यांत शाळेच्या पायऱ्यांवर बसली होती. आमच्या गोलकीपरने विचारलं, "सर, आता पुढची मॅच कधी?"

मला ठाऊक असलेली पुढची मॅच थेट पुढच्या जुलैत होती, आणि तो दहावीत होता. मला उत्तर देता आलं नाही.

शाळेत नव्याने लागलेल्या आणि फुटबॉलचा संघ गळ्यात पडलेल्या क्रीडाशिक्षकांसाठी हे लिहितोय. डावपेचांवर सांगणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. मला सांगायचंय ते हंगामाबद्दल. शालेय स्पर्धा तुम्हाला हंगाम देत नाहीत, त्या तुम्हाला एक सामना देतात. जिंकलात तर दुसरा. उरलेला हंगाम आपणच उभा करायचा असतो.

आधी वेळापत्रक समजून घ्या, कारण पहिल्या वर्षी मी तिथेच फसलो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि सुब्रतो मुखर्जी चषकाच्या स्थानिक फेऱ्या साधारण जुलैत येतात. वह्या-पुस्तकं वाटून होईपर्यंत जून संपलेला असतो. ही स्पर्धा 1960 पासून चालू आहे. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने ती भरते आणि तिचा रस्ता देशपातळीपर्यंत जातो. आपल्याकडे शहरातल्या शाळा महापालिका क्षेत्रातून खेळतात, पुढे नाशिक विभाग, मग राज्य. पावसाळ्यातच किंवा तो सरताना 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या शालेय क्रीडा स्पर्धा येतात. तिथेही हरला की घरी. म्हणून जूनमध्ये संघ निवडायला बसलात तर उशीर झालेला असतो. संघ जानेवारीत घडतो.

दुसऱ्या वर्षी मी शनिवारची सकाळची शाळा धरली. सातवी ते नववीतली अठ्ठावीस मुलं, सात-सात जणांचे चार संघ, बास्केटबॉलच्या कोर्टाएवढ्या जागेत साखळी सामने. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळणार, म्हणजे बारा सामने. दर शनिवारी दोन, सहा शनिवारांत साखळी पूर्ण. नियम एकच कडक ठेवला, प्रत्येक मुलाने निदान अर्धा वेळ मैदानात असलंच पाहिजे. ज्या संघाचा सामना नसेल त्यातला एक जण पंच. शिट्टी हातात आली की मूल नियम वाचायला लागतं. थ्रो-इनला दोन्ही पाय जमिनीवर आणि चेंडू डोक्यामागून, थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, गोल-किकवरही नसतो, या गोष्टी फळ्यावर चार वेळा सांगून डोक्यात गेल्या नाहीत, पंच म्हणून एकदा भांडण सोडवावं लागल्यावर कायमच्या गेल्या.

जुलैतल्या बाद सामन्यात हरलो तरी आता प्रत्येक मुलाच्या गाठीला सहा सामने होते. मैत्रीचे सामनेही ठरवायला लागलो. देवळाली कॅम्पकडे लष्करामुळे मुलं फुटबॉलमध्येच वाढतात. तिकडच्या संघाकडून आम्ही पाच गोलांनी हरलो, आणि मुलं परतीच्या बसमध्ये त्यांच्या पासिंगबद्दल नाशिकरोड येईपर्यंत बोलत होती. दुसऱ्या शाळेच्या सरांना फोन करायला लाजू नका. त्यांनाही सामने हवेच असतात.

आता भिंतीची गोष्ट. आमच्या शाळेचं मैदान लहान, सरावाला दोन दगड ठेवायचे आणि त्यालाच गोल म्हणायचं. पहिल्या सामन्याला स्टेडियमवर गेलो तेव्हा आमचा गोलकीपर खऱ्या गोलपोस्टमध्ये उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून डावीकडे-उजवीकडे बघत राहिला. खरा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो, आपल्या मोजणीत चोवीस फूट बाय आठ फूट. त्या मुलाने तो आधी कधी पाहिलाच नव्हता, आणि आम्ही त्याला त्यात उभं केलं. त्या दिवाळीच्या सुट्टीत शिपाई काका आणि मी टेप घेऊन शाळेच्या मागच्या भिंतीवर माप घेतलं आणि गेरूने चौकट ओढली. आतल्या बाजूला खालच्या दोन कोपऱ्यांत एक-एक चौकोन. शालेय पातळीवर बहुतेक गोल जमिनीलगत, कोपऱ्यातून होतात. वरच्या कोपऱ्यातले क्वचित. गोलकीपर त्या चौकटीसमोर रोज पंधरा मिनिटं उभा राहायचा, बाकीचे अकरा मीटरवरून, म्हणजे पेनल्टीच्या अंतरावरून, फक्त त्या चौकोनांत मारायचे. या एका चौकटीने आमच्या संघात जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच पडला नाही. खर्च गेरूचा.

स्वतः दुसऱ्या खेळातून आला असाल तर ते लपवू नका. खो-खोतली साखळी पळ, खांबाजवळचं वळण, पळता पळता एकदम अंग चोरून दिशा बदलणं, हे मी तसंच्या तसं फुटबॉलच्या सरावात आणलं. आमचा उजवा बचावपटू तर कुणीही शिकवलं नाही इतक्या सहज समोरच्याला हुलकावणी द्यायला लागला. जे येत नाही ते मात्र शिकावं लागतं. मी रविवारी सकाळी एका क्लबच्या सरावाला कडेला उभा राहून वही भरायचो.

सामानाचं थोडक्यात. चेंडू पाच नंबरचा, वजन 410 ते 450 ग्रॅम. पाणी पिणारा चेंडू पावसात जड होतो, त्याने लहान मुलांना हेडर मारायला लावू नका. हवा भरताना पंपाची सुई ओली करून घाला, नाहीतर ब्लॅडर जातं. शिनगार्डशिवाय पंच आत सोडत नाहीत. कडं, कानातली बाळी, मनगटातला लाल दोरा सगळं काढावं लागतं, वर चिकटपट्टी लावून चालत नाही. सामन्याच्या तोंडावर यावरून रडारड होते, म्हणून घरीच सांगून ठेवा. एका आईने आधी नकार दिला, देवाचा दोरा होता. तिला म्हटलं, ताई, सामना होईपर्यंत मी माझ्या खिशात जपून ठेवतो. ठेवला, आणि शिट्टी वाजल्यावर स्वतः बांधला.

बुटांबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. आमच्याकडची बरीच मुलं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या घरांतली. नवे स्टड्स, म्हणजे तळव्याला खुंट्या असलेले फुटबॉलचे बूट, प्रत्येकाला परवडत नाहीत, आणि तेरा-चौदाव्या वर्षी पाय वर्षभरात दोन नंबर वाढतो. म्हणून खेळाच्या खोलीत एक कपाट केलं. लहान झालेले बूट तिथे ठेवायचे, नंबर खडूने तळव्यावर लिहायचा. पावसात ओले झालेले बूट उन्हात नाही टाकायचे, तळवा सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे, रात्रीतून कोरडे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या खोलीला शाई आणि चिखलाचा एकत्र वास येतो. कुणाला कोणाचे बूट मिळाले हे विचारायचं नाही, हा नियम मुलांनीच केला.

कागदपत्रं. इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. आमच्या सर्वात वेगवान मुलाची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक आणि आधार कार्डावर दुसरी होती. मी नोंदणीच्या आदल्या दिवशी पाहिलं. तो मुलगा वयात बसत होता, तरी खेळू शकला नाही, आणि दोष पूर्ण माझा होता. आता मी फेब्रुवारीतच प्रत्येकाचा जन्मदाखला, आधार आणि रजिस्टर समोरासमोर ठेवून ताडून बघतो. तफावत असेल तर दुरुस्तीला महिने लागतात. वयोगटाची तारीख मागच्या वर्षीच्या आठवणीवर धरू नका, त्या वर्षीचं परिपत्रक वाचा.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे ढोल. गणपतीच्या आधी दोन महिने पथकांचा सराव सुरू होतो आणि आठवी-नववीची अंगापिंडाने मजबूत मुलं, म्हणजे नेमकी आपली बचावफळी, संध्याकाळी तिकडे. सुरुवातीला मी रागावलो. मग एका पथकाचा सराव बघायला गेलो. कमरेला ढोल बांधून ती पोरं दोन तास एका ठेक्यावर उभी होती, आणि मला कळलं की मी त्यांना निवड करायला लावतोय, जी करायची गरज नाही. आमचा सराव सकाळी साडेसहाला आणला. सामन्याच्या आदल्या दिवशी वाजवायचं नाही एवढं पथकाच्या दादांशी बोलून ठरवलं. त्यांनी ते पाळलं.

पालक भेटायला येतात ते बहुतेक अभ्यासावरून. "सर, दहावीचं वर्ष आहे हो त्याचं." वाद घालू नका. सरावाची वेळ, संपण्याची वेळ आणि सामन्यांच्या संभाव्य तारखा एका कागदावर लिहून द्या, आणि घटक चाचणीच्या आठवड्यात सराव बंद ठेवा. वेळ पाळली की विश्वास बसतो. एक वडील रात्रपाळी संपवून कंपनीच्या कपड्यांतच मैदानावर आले होते, पूर्ण सामना उभे राहिले आणि पोराशी एक शब्द न बोलता त्याची पिशवी उचलून चालू लागले. तो पोरगा त्या दिवशी राखीव होता, शेवटची सहा मिनिटं खेळला. म्हणून राखीव मुलांना आत घालाच.

सामन्याच्या सकाळी पोटाला हलकं. पोहे, केळं, गूळ-शेंगदाणे. मिसळ सामना झाल्यावर. वीज चमकत असेल तर पंचांची वाट न बघता मुलांना छताखाली न्या. डोक्याला मार लागला तर मूल कितीही "बरं आहे सर" म्हणालं तरी त्या दिवशी पुन्हा आत नाही, डॉक्टरकडे. मैदानात डबकी असतील तर जमिनीवरचा पास तिथेच अडकतो; चेंडू पायाने उचलून हवेतून द्यायचा सरावही पावसात, चिखलातच करा. फक्कीच्या रेषा अर्ध्या तासात धुऊन जातात, तेव्हा रेषेवरून पंचांशी हुज्जत घालायची नाही हे आधीच ठरलेलं असू द्या.

तिसऱ्या वर्षी आम्ही दोन सामने जिंकून उपांत्य फेरीत गेलो. बरोबरी झाली, मग टायब्रेकर, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी मारायच्या. शेवटच्या दोन मिनिटांत दमलेल्या मधल्या फळीतल्या मुलाला मी बाहेर घेतलं होतं. तो भिंतीवरच्या चौकोनात दहापैकी नऊ मारायचा. शेवटची शिट्टी वाजते तेव्हा मैदानात असलेल्यांनाच त्या पेनल्टी मारता येतात, हे मला माहीत होतं आणि त्या घाईत सुचलं नाही. चार-तीनने हरलो. तो मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, मी खरंच दमलो होतो." मला वाईट वाटू नये म्हणून तो ते म्हणत होता, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

आमच्या नव्या गोलकीपरने मात्र त्या दिवशी दोन पेनल्टी अडवल्या, दोन्ही खालच्या उजव्या कोपऱ्यात, गोलरेषेवर एक पाय ठेवूनच. बसमध्ये बसल्यावर त्याने पायऱ्यांवरचाच प्रश्न विचारला. पुढची मॅच कधी. या वेळी माझ्याकडे तारीख होती, येत्या शनिवारी, सकाळी साडेसातला, नववी विरुद्ध आठवी.