एपी वर्ल्ड हिस्टरी घेताय? सुरुवात कशी करायची ते सांगते

इथे अमेरिकेत आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं दहावीत एपी वर्ल्ड हिस्टरी, म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा जगाच्या इतिहासाचा कोर्स, घेतात आणि सप्टेंबर संपता संपता आईवडिलांचे फोन सुरू होतात, की अगं पोरगी रात्री अकरापर्यंत वाचत बसते तरी पहिल्याच टेस्टला सी आला, काय करू. माझी लेक यातून गेलीय आणि मी रोज तिच्या शेजारी बसलेली आहे, म्हणून जे खरंच कामाला आलं तेच लिहितेय.

आधी हे समजून घ्या की आपण ज्याला इतिहासाचा अभ्यास म्हणत आलो तो हा नाही. आपण सनावळ्या पाठ केल्या, कारणे द्या आणि टिपा लिहा केलं, आणि तेच मुलांना सांगायला जातो. इथे इ.स. १२०० पासून आजपर्यंतचा जगाचा इतिहास नऊ युनिट्समध्ये आहे, मे महिन्यात सव्वातीन तासांची परीक्षा, १ ते ५ मध्ये स्कोअर. त्यात ५५ मिनिटांत ५५ एमसीक्यू म्हणजे बहुपर्यायी प्रश्न, त्याला ४० टक्के, आणि तेही बहुतेक एखादा उतारा, चित्र किंवा नकाशा देऊन त्यावर विचारलेले. उरलेले ६० टक्के निव्वळ लिखाण: तीन छोटी उत्तरं, एक डीबीक्यू म्हणजे सात कागदपत्रं देऊन त्यावरून लिहायचा निबंध, आणि एक एलईक्यू म्हणजे कागदपत्रांशिवायचा मोठा निबंध. म्हणजे पुस्तक कितीही पाठ असलं तरी मुद्दा मांडता आला नाही तर मार्क नाहीत, म्हणून पहिल्या आठवड्यापासून वाचन आणि लिखाण बरोबरीने चाललं पाहिजे.

सुट्टीत अख्खं पुस्तक वाचून काढायची गरज नाही, पण नकाशा पक्का करून घ्या, हे मी सगळ्यांना सांगते. कोरा नकाशा प्रिंट करायचा आणि त्यावर कालिकत, होर्मुझ, मलाक्का, किल्वा, समरकंद, टिंबक्टू हाताने टाकायचे, दोनतीन दिवसांनी परत कोरा नकाशा आणि परत तेच. मग मान्सूनचे वारे काढायचे. आपल्या मुलांना जूनमधला आजोळचा पाऊस माहीत असतो, त्याला धरूनच समजवा, की उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा तोच वारा अरबस्तान आणि आफ्रिकेकडून आपल्या किनाऱ्याकडे जहाजं आणायचा आणि हिवाळ्यात वारा उलटला की ती परत जायची, म्हणून व्यापारी महिनोन् महिने बंदरात थांबायचे, तिथेच लग्नं करायचे, मशिदी बांधायचे, भाषा मिसळायच्या. हे एवढं डोक्यात बसलं की दुसऱ्या युनिटमधला हिंदी महासागराचा व्यापार अर्धा झालाच म्हणून समजा.

वाचनाचं म्हणाल तर शाळा आठवड्याला पुष्कळ पानं लावते आणि मुलं पहिल्या ओळीपासून हायलायटर फिरवत सुटतात, शेवटी सगळं पान पिवळं. तसं नको. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर कोर्सची पूर्ण माहिती फुकट आहे, त्यात प्रत्येक टॉपिकमध्ये नेमकं काय शिकायचंय ते दिलंय, ते आधी वाचायचं आणि मग धडा वाचायचा. एक भाग झाला की पुस्तक मिटून चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या: काय बदललं, का बदललं, काय तसंच राहिलं. नाही आठवलं तर परत उघडा. आमच्याकडे या चार ओळींची एक साधी वही होती आणि एप्रिलमध्ये उजळणीला तीच उघडली.

आता कागदपत्रं. इथेच सगळे अडतात म्हणून जरा सावकाश सांगते. समजा १७९३ मधलं चीनच्या चियानलाँग बादशहाचं इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला लिहिलेलं पत्र समोर आलं. बादशहा म्हणतो आमच्याकडे सगळं आहे, तुमच्या मालाची आम्हाला गरज नाही. मूल लगेच लिहितं, चीनला परदेशी मालाची गरज नव्हती. पण हा झाला सारांश, त्याला सोर्सिंगचा, म्हणजे कागद कोणी, कोणासाठी आणि का लिहिला हे सांगण्याचा, मार्क नाही. थांबून विचारायचं की कोण बोलतंय, कोणाला, कशासाठी, आणि त्या वेळी काय चाललं होतं. इंग्लंडने पाठवलेलं मॅकार्टनीचं शिष्टमंडळ तेव्हा बीजिंगला कायमचा राजदूत आणि कँटनखेरीज आणखी बंदरं मागत होतं, आणि इंग्रजांना चहासाठी चांदी मोजावी लागत होती. म्हणजे बादशहा गरज नाही म्हणतो ते व्यापार आपल्या अटींवर ठेवण्यासाठी, त्याला दुसऱ्या राजापुढे वरचढ दिसायचंय. हे लिहिलं की मार्क. आणि पुढे इंग्रजांनी चांदीच्या जागी हिंदुस्थानातली अफू आणली, त्यातून १८३९ चं युद्ध झालं, हे जोडता आलं तर फारच छान. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची हे ऐकल्यावर लेक जी सरसावून बसली ते मला अजून दिसतं.

तिच्या पहिल्या डीबीक्यूला सातपैकी दोन मिळाले होते, फार रडली. मी निबंध वाचला, इंग्रजी सुंदर, पण सातही कागदांचा एकेक परिच्छेद सारांश आणि मुद्दा कुठेच नाही. मग आम्ही मार्कांचा तक्ता समोर ठेवून बसलो. थेसिसला, म्हणजे निबंधाच्या मुख्य दाव्याला, एक, आधीच्या काळाची पार्श्वभूमी दिली की एक, चार कागद मुद्दा सिद्ध करायला वापरले की दोन, कागदांबाहेरचा एक ठोस पुरावा दिला की एक, दोन कागदांचं सोर्सिंग केलं की एक, आणि गुंतागुंत दाखवली तर शेवटचा एक. हा तक्ता टेबलावर चिकटवून ठेवा, लिहून झालं की मुलांनीच पेनने खुणा करून मार्क मोजायचे. शेवटचा एक अवघड असतो, सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका, आधीचे सहा पक्के करा.

थेसिसचा सराव निबंध न लिहिताही होतो, रोज एक प्रश्न आणि फक्त एक-दोन वाक्यं, दहा मिनिटं पुरतात. प्रश्न असा घ्या, १४५० ते १७५० मध्ये स्थानिक विरोधामुळे मोठ्या सत्तांना कितपत धक्का बसला. कच्चं उत्तर, अनेक ठिकाणी बंडं झाली आणि त्याचे मोठे परिणाम झाले. पक्कं उत्तर असं, की तिथल्या मूळनिवासी प्युब्लो लोकांनी १६८० मध्ये स्पॅनिशांना न्यू मेक्सिकोतून हाकललं पण बारा वर्षांत ते परत आले, उलट मराठ्यांनी औरंगजेबाला आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनमध्ये अडकवून मुघलांचा खजिना रिता केला, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचं राज्य, किल्ले आणि महसूल होता त्यांचाच धक्का खोल बसला. यात बाजू घेतलीय आणि कारणही दिलंय. आणि हो, मराठ्यांचा मुघलांशी संघर्ष चौथ्या युनिटमध्ये उदाहरण म्हणून खरंच दिलेला आहे, तसंच पहिल्या युनिटमध्ये भक्ती चळवळ आहे. १२९० ची ज्ञानेश्वरी अगदी त्याच काळातली, तेव्हा घरात आजी-आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा, बाहेरचा पुरावा म्हणून द्यायला असं कायम लक्षात राहणारं दुसरं कुठून मिळणार.

कॉलेज बोर्ड जुन्या परीक्षांचे लेखी प्रश्न साइटवर ठेवतं आणि सोबत मुलांनी लिहिलेली खरी उत्तरं, त्यांना किती मार्क दिले आणि का, हेही असतं. महागडा क्लास लावायच्या आधी हे वाचा, मनापासून सांगते. परीक्षा आता कॉम्प्युटरवर ब्लूबुक ॲपमध्ये होते, त्यामुळे निबंध टाइप करूनच सराव करा, डीबीक्यूला ६० मिनिटं त्यातली पहिली १५ वाचायला, एलईक्यूला ४०, घड्याळ लावून.

परीक्षेची नोंदणी शाळेतूनच आणि नोव्हेंबरच्या आसपास करावी लागते, फी साधारण शंभर डॉलर, घरची अडचण असेल तर सवलत मिळते, काउन्सेलरला विचारायला लाजू नका. झेपत नाहीये असं वाटलं तर वर्ग बदलायची शेवटची तारीखही त्यांच्याकडेच कळेल, ती पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवा, पण पहिल्या टेस्टवरून ठरवू नका, दोन-तीन निबंध होऊ द्या आणि मार्क वर सरकतायत का ते बघा. आमचं दोनाचं ऑक्टोबरअखेर चार झालं होतं, तेव्हाच आम्ही वर्ग बदलायचा विषय सोडला.