जुनी पॉइंट टू टू रायफल: चेंबरला हात लावण्याआधी

पाटण, जावळी, शिराळ्याकडे पीक राखायला घेतलेली जुनी रायफल अजून काही घरांत आहे. ती .२२ हॉर्नेट या काडतुसाची असेल, तर चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) वाढवून के-हॉर्नेट या बदललेल्या काडतुसाची करून घ्यायचा सल्ला हमखास मिळतो. लायल किलबर्न या अमेरिकन बंदूक कारागिराने हॉर्नेट काडतुसाच्या बाजू सरळ केल्या आणि खांदा (मानेखालचा उतार) जास्त तीव्र केला; दारू जास्त मावते, वेग थोडा वाढतो. कल्पना सुंदर आहे, पण आपल्याकडे करू नका.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्रात असा बदल करणे, काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. गावातल्या लेथवाल्यालाही यात ओढू नका. शिवाय एकदा खोदलेले चेंबर परत पूर्वीसारखे होत नाही, आणि असे घरगुती घडणीचे काडतूस दुकानात सहज मिळत नाही. वाढलेला दाब जुन्या बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याला) झेपेल याचीही खात्री नसते. बोल्ट तर तोंडासमोरच असतो!

त्यापेक्षा नळीवरचा शिक्का, काडतुसाच्या बुडावरचा शिक्का आणि परवान्यातली नोंद, तिन्ही जुळतात का ते आधी पाहा. जुळत नसतील तर रायफल वापरू नका, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथकडेच करून घ्या. नेम चुकतोय एवढीच तक्रार असेल तर आधी नळीची सफाई आणि दुर्बीण असेल तर तिच्या माउंटचे (बसवायच्या पकडीचे) स्क्रू तपासायला सांगा.