मिशनरी इतिहासाच्या अभ्यासाला बसताना

पीएचडीच्या आराखड्यात मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, ‘प्रॉटेस्टंट मिशनरी हे इंग्रजी साम्राज्याचे हस्तक होते.’ मार्गदर्शक बाईंनी शेजारी पेन्सिलीनं दोनच प्रश्न लिहिले : कोणत्या साली? आणि कोणाचे? त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्यात माझी पुढची तीन वर्षं गेली. या विषयात नव्यानं येणाऱ्यांनी हे प्रश्न पहिल्या दिवसापासून जवळ ठेवावेत, म्हणून हे लिहितो आहे.

साल का महत्त्वाचं, ते विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्यावरून कळतं. १७९३ मध्ये तो बंगालमध्ये आला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्याशिवाय. मिशनऱ्यांमुळे लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, ही कंपनीची भीती. म्हणून १८०० मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी ठाणं मांडलं ते कलकत्त्यात नाही, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात. आणि पुढच्याच वर्षी कंपनीनं याच माणसाला फोर्ट विल्यम कॉलेजात भाषाशिक्षक म्हणून नेमलं! मिशनरी म्हणून नको होता, पण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला हवा होता. तिथला पगार त्यानं मिशनच्या कामात घातला. त्याचं मराठी व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) याच शिकवण्यातून आले. आता याला हस्तक म्हणायचं की विरोधक? मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. या विषयाचा जीव अशाच जागी आहे, तिथे घाई करू नका.

‘कोणाचे’ हा प्रश्न मुंबईत येऊन भिडतो. फेब्रुवारी १८१३ मध्ये इथे उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन होते, आणि त्या वेळी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध चालू होतं. सरकारनं त्यांना परत पाठवायचं ठरवलं, ते किनाऱ्यानं कोचीनकडे निसटले, तिथून पुन्हा आणले गेले. गव्हर्नर नेपियन यांच्याकडे त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहिली, तेव्हा कुठे राहता आलं. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ही अशी.

पण इथेच थांबून ‘म्हणजे संबंध नव्हताच’ असं म्हणू नका. उलट्या टोकाला जाणारे प्रबंधही मी वाचले आहेत. त्याच १८१३ च्या सनदेनं, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटनं कंपनीला दिलेल्या कारभाराच्या परवान्यानं, मिशनऱ्यांना दार उघडलं, १८३३ च्या सनदेनं ते आणखी सैल केलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली नसती, तर १८३१ मध्ये अहमदनगरला अमेरिकन मिशनचं ठाणं झालं नसतं. आणि १८५४ च्या शिक्षणविषयक सरकारी खलित्यानंतर (वुडचा खलिता) मिशनच्या शाळांनाही सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. रस्ता, कायदा आणि पैसा हे तिन्ही राज्यकर्त्यांच्या हातात होते, हे नोंदवल्याशिवाय कोणाच्याही सेवाभावाबद्दल लिहू नये असं मला ठामपणे वाटतं.

कागदांबद्दल. अमेरिकन बोर्डाची, म्हणजे हॉल आणि नॉट यांना पाठवणाऱ्या संस्थेची, दप्तरं हार्वर्ड विद्यापीठात आहेत, लंडन मिशनरी सोसायटीची लंडनला सोआस या उच्चशिक्षण संस्थेत. खर्च ऐकून धीर सोडू नका. जुने छापील अहवाल आणि मासिकं बरीचशी इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात. मात्र ती देणगीदारांसाठी छापलेली आहेत. त्यात अंधार जरा जास्त काळा असतो आणि शाळेतली मुलं जरा जास्त हुशार. हस्तलिखित पत्र मिळालं तर छापील मजकुराशी ताडून पाहा. काय गाळलं आहे ते नीट टिपा.

मराठी येणाऱ्याचं इथे फार मोठं बळ आहे. परदेशी अभ्यासकाला ‘एक पंडित’ एवढंच दिसतं. आपल्याला त्या पंडिताचं नाव शोधता येतं. कॅरीच्या मराठी कामामागे वैजनाथ पंडित होते. १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’ (अमेरिकन मिशनचं नियतकालिक) मूळ भाषेत वाचा. बाबा पदमनजींचं आत्मचरित्र वाचा, म्हणजे धर्मांतर करणाऱ्या माणसाचं स्वतःचं मन कळेल. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकूनही ख्रिस्ती न झालेले जोतीराव फुलेही याच इतिहासात येतात. मोडी शिकून घ्या. काही महिन्यांची मेहनत आहे, पण पुढे जन्मभर उपयोगी पडते.

आणि पहिला निबंध लिहायचाच असेल तर १८४३ चं श्रीपत शेषाद्री प्रकरण घ्या. मोठा भाऊ नारायण ख्रिस्ती झाला, धाकटा श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. वडील कोर्टात गेले, आणि इंग्रजांच्याच कोर्टानं मुलगा मिशनऱ्यांकडून काढून वडिलांच्या हवाली केला. मग त्याला जातीत परत घ्यायचं का, यावरून मुंबईचे ब्राह्मण आपसात भांडले. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. मिशन, सरकार आणि समाज यांतलं कोणीही इथे आपल्या ठरलेल्या जागी उभं नाही. कोर्टाची बाजू, मिशनची बाजू आणि शास्त्रीबोवांची बाजू वेगवेगळ्या वह्यांत उतरवून काढा, आणि मगच पहिलं वाक्य लिहा.